सतरानं भाग जातो

फेब्रुवारीतली संध्याकाळ होती. छपरावरचं बर्फ वितळून पागोळ्या गळत होत्या. तामोत्सु कुरोसेनं पेन्सिलीला टोक काढलं, कोतात्सूच्या बैठ्या मेजाखालच्या उबदार दुलईत पाय सारले, कपात चहा ओतला आणि भागाकाराला सुरुवात केली. उरलेला अख्खा हिवाळा यात जाणार याची त्याला खात्री होती. मागच्या वर्षीच्या आठ आकडी संख्येनं त्याच्या कितीतरी संध्याकाळी खाल्ल्या होत्या, आणि यंदाची तर नऊ आकडी. तीननं भागलं, एक उरला. सातानं भागलं, दोन उरले. अकरानं एक, तेरानं सहा. सतरानं भागलं तर काहीच उरलं नाही. त्यानं खोडून पुन्हा भागलं. पुन्हा काही उरलं नाही. कपातला चहा अजून वाफाळत होता.

संख्या होती ३३,३३,३३,३३१. आठ वेळा तीन आणि शेवटी एक. तेहतीस कोटींच्या घरातली, देव मोजायला काढल्यासारखी. पण तामोत्सुच्या लेखी ती त्याच्या लग्नाची होती, आणि सतरासारख्या फडतूस आकड्यानं ती फोडली होती.

कानाएशी त्याचं लग्न झालं ते हेइसेई शकाच्या तिसऱ्या वर्षी, तिसऱ्या महिन्यात, एकतीस तारखेला. जोडून लिहा: ३३३१. या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही. गणिताच्या मास्तराला असा मुहूर्त लाभल्यावर तो गप्प कसा बसेल? मेजवानीत तामोत्सुनं माइक हातात घेतला आणि पाहुण्यांना चक्क धडा दिला. एकतीसला भाग जात नाही. डावीकडे तीन लावा, तीनशे एकतीस, त्यालाही जात नाही. आणखी एक तीन, झाली आमच्या लग्नाची तारीख. आणखी एक लावा, तरी जात नाही, मी स्वतः तपासलंय. "तेव्हा मंडळी, दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही डावीकडे एक तीन लावू. संख्या वाढत जाईल आणि कधीही फुटणार नाही!"

सभागृह गारठलं. लग्नाच्या मांडवात आमच्याकडे कुणी फुटणं, तुटणं, परतणं असले शब्द तोंडातून काढत नाही. केकसुद्धा कापत नाहीत, केकात 'सुरी घालतात'. आणि इथं नवरदेवच उभा राहून फुटण्याच्या गोष्टी करतोय. त्यात मुलगी ताकाओकातल्या ओताऱ्यांच्या आळीतली. तिथं काशाला तडा गेला की 'फुटलं' म्हणतात आणि शाळेत संख्येला भाग गेला की 'फुटली' म्हणतात. एकच शब्द, आणि आळीत तो ऐकला की हातातलं काम थांबतं.

शांतता मोडली ती सासऱ्यांनी. गेन्झो ओतारी, दोन्ही गाल साकेनं लाल, बसल्या जागेवरून ओरडले, "मास्तर, ज्या दिवशी फुटेल ना, त्या दिवशी माझी पोरगी मी परत घेऊन जाईन!" एका वाक्यात दोन अभद्र शब्द. लोक इतके हसले की कुणाच्या तरी नाकातून दारू आली. कानाए मान खाली घालून हसली. नंतर गेन्झोंनी नारळाएवढी एक काशाची घंटा ओतून दिली, खालच्या पट्टीवर ३३३१ कोरलेली. डावीकडे भरपूर जागा सोडलेली. दर वर्षी एकतीस मार्चला नवरा-बायको ती घंटा घेऊन कानायामाची आळीतल्या सासऱ्यांच्या भट्टीवर जायचे आणि म्हातारा छिन्नीनं एक तीन वाढवायचा.

एरवी आकडा फुटल्याची अशी धास्ती घेणाऱ्याला तामोत्सु हसला असता. वर्गात तोच पोरांच्या कानीकपाळी ओरडायचा, "चार उदाहरणं जुळली म्हणजे सिद्ध झालं का? पाचवं फसलं तर काय तोंड दाखवाल?" उत्तरपत्रिकांवर तो लाल शाईनं हेच लिहायचा. आता पाचवं फसलं होतं आणि तोंड दाखवायला समोर कुणी नव्हतं, कारण कानाए घरात नव्हती.

नववर्षाच्या सुट्टीत गेन्झो अंगणातल्या बर्फावरून घसरले आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. कानाए आठवडाभरासाठी म्हणून माहेरी गेली. भट्टीची कामं अंगावर घेतलेली, कारागीर एकच, तोही साठीचा. आठवड्याचा महिना झाला. फोन आधी रोज यायचा, मग दिवसाआड, मग तामोत्सुच करायचा आणि मागून भट्टीचा पंखा घोंघावत असायचा. ती म्हणायची, "आत्ता मूस भट्टीत आहे, नंतर बोलते." नंतर राहून जायचं.

आकडा फुटला त्याच आठवड्यात तिचा फोन आला. "एकतीसला घंटा घेऊन या," ती म्हणाली. "मला बोलायचंय."

"आत्ता बोल की."

"फोनवर नको."

तामोत्सुच्या जिवाची घालमेल सुरू झाली ती त्या रात्रीपासून. शकुन-अपशकुन त्यानं जन्मात मानले नव्हते. चारचा उच्चार मरणासारखा, म्हणून शाळेत चार नंबरच्या खोलीत बसायला कुणी तयार नसे, म्हणून हट्टानं तोच तिथं बसायचा. आणि आता त्याला शाळेतल्या आपल्या बुटांच्या कपाटावरचा सतरा नंबर डोळ्यांत खुपायला लागला. आंघोळीच्या टबात बसूनही तो आकडे फिरवायचा. आपण चुकीचं साल तर नाही धरलं? इंग्रजी साल घेऊन बघू. १९९१३३१. आकड्यांची बेरीज सत्तावीस, म्हणजे तीननंच काय, नवानंही भाग जातो. त्याहून वाईट! तो टबातून उठला आणि अर्धवट कोरडा होऊन घरभर फिरत राहिला.

सगळ्यात सोपा उपाय पहिल्याच दिवशी सुचला होता: बोलायचंच नाही. तेहतीस कोटींच्या संख्येला सतरानं भागून बघणार कोण? गेन्झो तीन कोरतील, कानाए हसेल, मग ती जे काही बोलायचंय ते बोलेल, आणि निदान आकड्यावर तरी खापर फुटणार नाही. मनाशी त्यानं हे पक्कं केलं, आणि ते पक्कं राहीना.

संध्याकाळी आता रिकाम्या होत्या. इतर वर्षी या दिवसांत तो भागाकारात मान घालून बसलेला असायचा. यंदा घर खायला उठायचं. मग तो निमित्तं काढून भट्टीवर जायला लागला. आधी कानाएचा जाड कोट पोचवला, मग संत्र्यांची पेटी, मग तिच्याच नावाचं पत्र, जे टपालानंही पाठवता आलं असतं. गेन्झोंनी त्याला नुसतं उभं राहू दिलं नाही.

"मास्तर, हात रिकामे दिसतात. ती वाळू चाळा."

तो वाळू चाळायला लागला. पुढच्या खेपेला फरशी झाडली. त्याच्या पुढच्या खेपेला त्याचा शर्ट जळाला आणि कानाएनं आपल्या वडिलांचा जुना शर्ट त्याच्या अंगावर फेकला.

"यंदा भागाकार नाही वाटतं?" गेन्झोंनी प्लास्टरमधला हात खाजवत विचारलं.

"झाला."

"इतक्यात?"

"यंदा लवकर आटोपला," तामोत्सु म्हणाला आणि चाळणी जोरात हलवायला लागला. कानाएनं साच्यावरून मान वर करून त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

तोही तिच्याकडे बघायचा, ती बघत नसताना. डोक्याला घट्ट रुमाल, कपाळावर काजळी, भट्टीच्या उजेडात डोळे बारीक केलेले. साचा फोडून घंटा बाहेर काढली की ती बोटाच्या पेरानं एकदा टिचकी मारायची आणि कान जवळ न्यायची. चांगली निघाली की ओठ थोडे हलायचे. बद्द वाजली तर काही न बोलता पुन्हा वितळायला टाकायची. एकदा त्या साठीच्या कारागिरानं काहीतरी चावट विनोद केला आणि कानाए पोट धरून हसली. तामोत्सुला ते हसू ओळखीचं वाटेना. घरी ती अशी हसल्याचं त्याला आठवत नव्हतं. आणि त्याला वाईट वाटलं, मनापासून वाईट वाटलं, कारण ती इथं सुखात होती आणि त्या सुखात त्याचा काही हात नव्हता.

एकतीसला रविवार होता. त्यानं घंटेच्या लोलकाला पायमोजा गुंडाळला, घंटा कापडात बांधली आणि ट्राम पकडली. तरी प्रत्येक वळणावर आतून टण्ण आवाज यायचा. समोरच्या बाईनं त्याच्या मांडीवरच्या गाठोड्याकडे संशयानं बघितलं.

"घंटा आहे," तो म्हणाला.

"हो का," बाई म्हणाली आणि सरकून बसली.

सांगायचं नाही. उतरेपर्यंत त्यानं हे स्वतःला बजावून ठेवलं.

भट्टी रविवारची थंड होती. गेन्झोंचं प्लास्टर निघालं होतं, मनगट पांढरं आणि बारीक दिसत होतं. ताटलीत नुकतेच उकडलेले होतारुइका, म्हणजे बोटाच्या पेराएवढे माखले, मिसोच्या आंबट चटणीबरोबर ठेवलेले. म्हाताऱ्याची सकाळपासूनच एक बाटली झाली असावी. कानाएनं घंटा कापडातून सोडवली, पायमोजा काढून तामोत्सुच्या हातात दिला आणि घंटा वाळूच्या पिशवीवर आडवी धरली. बोलायची गोष्ट तिनं काढली नाही. आधी तीन कोरायचा, मग बोलायचं, असं तिच्या मनात असावं.

"कुठला आकडा?" गेन्झोंनी दर वर्षीप्रमाणे विचारलं.

"तीन," दर वर्षीप्रमाणे कानाएनं सांगितलं. "डावीकडे."

म्हाताऱ्यानं छिन्नी टेकवली. हातोडी उचलली. मनगट थरथरलं, म्हणून त्यानं नेम पुन्हा धरला. कानाए घंटा दोन्ही हातांनी धरून होती, चेहरा इतका शांत की तामोत्सुला राहवेना.

"थांबा!" तो ओरडला. "फुटेल!"

हातोडी हवेतच थांबली. गेन्झोंचा चेहरा उतरला. त्यांनी छिन्नी टाकली, घंटा उचलली, दारातल्या उजेडात नेऊन गोल फिरवली. पट्टी बघितली, आतली बाजू बघितली, अंगठ्यानं कड चाचपली. मग टिचकी मारली. बाप आणि मुलगी दोघांनी एकदमच कान पुढे केले. नाद लांबवर गेला, आळीतून बाहेर पडावा इतका, आणि सावकाश विरला.

"कुठं फुटलीय?" गेन्झो म्हणाले. "ठणठणीत आहे!"

"घंटा नाही," तामोत्सु म्हणाला. "आकडा."

"काय?"

"आकडा फुटतो. ३३,३३,३३,३३१. सतरानं भाग जातो. एक कोटी शहाण्णव लाख सात हजार आठशे त्रेचाळीस वेळा."

"आणि उरतं किती?"

"काही नाही उरत."

गेन्झोंनी घंटा खाली ठेवली आणि एक माखला तोंडात टाकला. "अरे माणसा, माझा जीव गेला असता. मला वाटलं मी ओतलेली घंटा फुटली." चावून झाल्यावर त्यांना लग्नातलं आपलं बोलणं आठवलं असावं, कारण ते खाकरले. "ते... मी तेव्हा बोललो होतो, ती गंमत होती हां. आणि परत आणायचं काय, जानेवारीपासून इथंच आहे ती."

म्हाताऱ्यानं बाटली उचलली आणि ती रिकामी आहे हे कळूनही कपात उपडी केली.

"कधी कळलं?" कानाएनं विचारलं.

"फेब्रुवारीत. पहिल्याच संध्याकाळी."

"म्हणून इथं यायला लागलात?"

"घरी बसवत नव्हतं."

तिनं डोक्यावरचा रुमाल सोडला आणि पुन्हा बांधला. हात कामाला लावल्याशिवाय तिला बोलता येत नव्हतं.

"तामोत्सुसान, एक सांगू? दर हिवाळ्यात थंडी पडली की तुम्ही माझ्याकडे पाठ करून बसायचात. सातानं फुटतो का, अकरानं फुटतो का, एकोणीसनं फुटतो का. रोज. मी चहा आणून ठेवायचे आणि तो गार व्हायचा. तुम्हाला वाटायचं तुम्ही आमचा संसार जपताय. मला काय दिसायचं? माझा नवरा रोज संध्याकाळी आमचा संसार कशानं फुटेल ते शोधतोय."

तामोत्सुनं हातातल्या पायमोज्याला गाठ मारली आणि सोडली.

"शेवटी शेवटी मला वाटायचं, सापडू दे एकदाचं," ती म्हणाली. "आणि सापडलं, तर तुम्ही वाळू चाळायला आलात. शर्ट जाळून घेतलात. पाच वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझ्याकडे तोंड करून बसलात."

"मला वाटलं तू परत यायची नाहीस."

"नाहीच येणार."

गेन्झोंनी कप खाली ठेवला.

"तेच सांगायला बोलावलं होतं," कानाए म्हणाली. "बाबांचा हात आता पूर्वीसारखा चालायचा नाही. हातोडी कशी थरथरली बघितलंत ना? भट्टी मी चालवणार. मला जमतं, आणि मला आवडतं. त्या घरात खिडकीशी बसून तुमच्या पाठीकडे बघायला मी परत येणार नाही. तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा."

बाहेरून कुणाची तरी सायकल गेली. तामोत्सु हातातला पायमोजा पिळत उभा होता. घरमालकाला काय सांगायचं, शाळेत लोक काय म्हणतील, पुस्तकांची खोकी मावतील कुठं, हे सगळं त्याच्या डोक्यात आलं आणि गेलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आधी गणित न मांडता उत्तर दिलं.

"मग मी येतो."

"कुठं?"

"इथं. इथून शाळेला ट्रामनं जाता येतं."

"घरजावई?" गेन्झो ओरडले. "मास्तर, आळी तुम्हाला जगू देणार नाही! रोज सकाळी विचारतील, सासऱ्यानं शर्ट दिला का म्हणून."

"शर्ट तर दिलाच आहे तुम्ही," तामोत्सु म्हणाला.

म्हातारा गडगडाटी हसला, पण कानाए हसली नाही. तिला अजून काहीतरी हवं होतं. तिनं घंटा पुन्हा वाळूच्या पिशवीवर ठेवली.

"पुढच्या वर्षीची संख्या?" तिनं विचारलं. "आणखी एक तीन लावल्यावर जी होईल ती?"

"तपासणार नाही."

"न तपासता राहवेल तुम्हाला?"

तामोत्सुनं खोटं बोलायचं ठरवूनच ट्राम पकडली होती. पण एकदा खरं बोलून झाल्यावर खोट्याची सवय मोडली होती. "नाही राहवणार," तो म्हणाला. "हात शिवशिवतील. झोप उडेल. पण तपासणार नाही."

कानाएनं त्याच्याकडे बघितलं, बद्द की खणखणीत हे ठरवताना ती घंटेकडे बघायची तसं. मग तिच्या ओठांची कड थोडी हलली. तिनं छिन्नी उचलून त्याच्या हातात दिली.

"कोरा मग. डावीकडे. फुटो नाहीतर राहो."

"आई गं," गेन्झो म्हणाले आणि डोळे झाकून घेतले. "माझी घंटा!"

तामोत्सुनं हातोडी मारली. पहिल्या घावाला छिन्नी घसरली, दुसरा बरा बसला. त्यानं कोरलेला तीन वाकडा आहे. शेजारच्या सरळ तिनांच्या रांगेत तो दारू पिऊन उभा असल्यासारखा दिसतो आणि आळीतली पोरं अजून त्यावरून त्याला चिडवतात. कोरून झाल्यावर कानाएनं टिचकी मारली. तिघांनी कान दिला. नाद पूर्वीइतकाच लांब गेला.

आता ती घंटा भट्टीच्या दाराशी टांगलेली आहे. पुढच्या वर्षी एकतीस मार्चला कानाएनं स्वतः आणखी एक तीन कोरला. शाळेतल्या एका आगाऊ पोरीनं घंटेवरचे आकडे बघून फळ्यावर लिहिलं, ३,३३,३३,३३,३३१, आणि विचारलं, "सर, हिला भाग जातो का?"

"माहीत नाही," तामोत्सु म्हणाला.

"म्हणजे? तुम्हाला?"

"मला. तू बघ हवं तर, पण मला सांगू नकोस."

मला उत्तर ठाऊक आहे, पण त्यानं घातलेली शपथ मी का मोडू? त्याला मात्र अजून चैन नाही. थंडी पडली की तो पेन्सिलीला टोक काढतो. कागद पुढे ओढतो. पहिला तीन लिहितो, दुसरा लिहितो, आणि भट्टीकडून कानाएची हाक येते की चहा ओतलाय. पेन्सिल तो कानावर खोचतो, जाऊन तिच्यासमोर बसतो आणि गरम असतानाच पितो.